नोकरी बदलली, इन्शुरन्स तुटला आणि सहावा महिना चालू आहे

नमस्कार मंडळी,
मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत नोकरी बदलली, काम आवडीचं आहे, पण जॉइन झाल्यावर एचआरने सांगितलं की इन्शुरन्स ९० दिवसांनी सुरू होईल, आणि जुना तर शेवटच्या दिवशीच बंद झालाय. नवऱ्याचं काम कॉन्ट्रॅक्टवर, त्याच्याकडे कंपनीचा प्लॅन नाही. काल ग्लुकोज टेस्टला गेले तर काउंटरवरची बाई म्हणाली कार्ड इनॅक्टिव्ह दाखवतंय, पूर्ण पैसे भरा नाहीतर पुढची तारीख घ्या. तशीच परत आले. नवीन इन्शुरन्सवाले म्हणतील का की प्रेग्नन्सी आधीपासूनची आहे, आम्ही देणार नाही? घरी आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.

---

अगं, आधी ती टेस्ट करून घे, पैसे भरावे लागले तरी भर आणि पावती जपून ठेव. प्रेग्नन्सी आधीची म्हणून नाही म्हणायची सोय नव्या कंपनीच्या प्लॅनला नाहीच, ग्रुप प्लॅनना ती बंदी १९९६ च्या हिपा कायद्यापासून आहे, आणि २०१४ पासून ओबामाकेअर कायद्यामुळे मार्केटप्लेसवरच्या (सरकारी साइटवरून आपले आपण घ्यायच्या) प्लॅननाही. शॉर्ट टर्म म्हणून जे स्वस्तात विकतात त्यांच्या मात्र वाटेला जाऊ नकोस, बहुतेकांत मॅटर्निटी नसतेच.

तुझा प्रश्न फक्त मधल्या दिवसांचा आहे आणि त्यासाठी कोब्रा नावाची कायद्यातली सोय आहे. जुन्या कंपनीत २० किंवा जास्त लोक असतील तर तोच प्लॅन तुला पुढे चालू ठेवता येतो (छोटी कंपनी असेल तर बऱ्याच राज्यांचे स्वतःचे तसेच नियम आहेत, ते बघ). महाग पडतो, कारण कंपनी भरायची तो वाटाही आता तूच भरायचा, वर २ टक्के. पण निवडायला ६० दिवस मिळतात, आणि निवडलास की कव्हरेज तुटलं त्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतं. म्हणजे टेस्टचं बिल नंतर क्लेममध्ये टाकता येतं. हप्तेही त्याच दिवसापासूनचे भरावे लागतात, मधले महिने गाळता येत नाहीत, मात्र पहिला हप्ता भरायला निवडल्यापासून ४५ दिवस असतात. शिवाय प्लॅन तोच, त्यामुळे या वर्षी डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) जे भरलंयस ते वाया जात नाही. कोब्राचं पत्र यायला दीड महिनाही लागू शकतो, वाट बघत बसू नकोस, जुन्या एचआरला आजच मेल टाक. आणि आईला सांग गं.

---

वरच्या काकूंशी सहमत. मार्केटप्लेसवरही कव्हरेज गेल्यापासून ६० दिवसांत प्लॅन घेता येतो, पण तो साधारण पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतो, मागचं काही भरून देत नाही. उत्पन्न कमी असेल तर मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) अर्ज करून बघाच, गरोदर बायकांसाठी मर्यादा जास्त असते आणि बऱ्याच राज्यांत व्हिसावर असलेल्यांनाही मिळतं. दुसऱ्या कुणाच्या जोडीदाराकडे कंपनीचा प्लॅन असेल तर त्यात शिरायला ३० दिवसच मिळतात, ते चुकवू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. डॉक्टर बहुतेक वेळा तपासण्या आणि डिलिव्हरी मिळून एकच पॅकेज बिल लावतात. मध्येच इन्शुरन्स बदलला की ते तोडून दोघांना वेगळं पाठवावं लागतं, नाहीतर नवीन इन्शुरन्स जुन्या तपासण्यांचे पैसे नाकारतो आणि पत्रं घरी येत राहतात. बिलिंगवाल्यांना तारखा आत्ताच लेखी द्या. डिलिव्हरी नव्या प्लॅनमध्ये येणार, तेव्हा डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन्ही त्यांच्या नेटवर्कमध्ये (प्लॅनशी करार असलेल्यांच्या यादीत) आहेत का ते वेगवेगळं विचारा. बाळ झालं की ३० दिवसांत त्याचं नाव प्लॅनमध्ये घालायचं.

---

खूप खूप आभार. जुन्या एचआरशी बोलले, पत्र आमच्या आधीच्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेलं होतं, आता मेलने कॉपी आलीय. कोब्रा घेतोय. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे पण डॉक्टर नाहीत, त्यामुळे त्याच हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या डॉक्टर शोधतेय, आठव्या महिन्यात नवीन पेशंट कोण घेतं ते कुणाला माहीत असेल तर प्लीज कळवा.