पुढे इंजिन असलेल्या ड्रॅगस्टरला चाकं कुठली घ्यावी?

प्रेषक: बाळू, फ्रेस्नो

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मिटिंगचा धागा चालू असताना मधेच हे टाकतोय, ताई रागावू नका. तर झालंय असं की शेजारचे रिटायर्ड आजोबा आणि मी, दोघांनी मिळून एक जुन्या पद्धतीचा ड्रॅगस्टर, म्हणजे पाव मैल सरळ पळायची शर्यतीची गाडी, घेतलाय, पुढे इंजिन, मागे ड्रायव्हर, १९६८ च्या सुमाराला असायचे तसा लांबलचक. स्मॉल ब्लॉक शेव्ही, अल्कोहोलवर, ब्लोअर नाही. चेसिस तपासून झालंय, इंजिन बसलंय, फक्त चाकं नाहीत, कारण आधीच्या मालकाने ती काढून वेगळी विकली. बायको म्हणते बिनचाकाची गाडी घेताना अक्कल कुठे ठेवली होतीस, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एका स्वॅप मीटला मॅग्नेशियमची जुनी हॅलिब्रँड कंपनीची जोडी बघून आलोय, १६ इंची, मागच्यासाठी. दिसायला एकदम कडक, ताजा रंग दिलेला, विकणारा म्हणतो साठच्या दशकातली ओरिजिनल आहेत. पुढे मोटरसायकलची तारांची चाकं लावायचा विचार आहे कारण जुन्या फोटोंत तशीच दिसतात. अण्णा, तुम्ही इतकी वर्षं फमोसोच्या ड्रॅग स्ट्रिपला पिटमध्ये हात काळे करताय, घेऊ का?

— बाळू

प्रेषक: अण्णा, बेकर्सफील्ड

बाळू,

पैसे दिले नसशील तर देऊ नको. दिले असशील तर आधी पुढचं वाच आणि मग शिव्या दे.

जुन्या मॅग्नेशियमवर ताजा रंग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. पंधराएक वर्षांपूर्वी मीच एकाकडून असली जोडी घेतली होती, चकाचक, घरी आणून रंग खरवडला तर खाली नटांच्या भोकापासून आऱ्याच्या मुळाकडे गेलेली केसासारखी चीर. वरून कीर्तन आतून तमाशा. त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं, ती चाकं अजून माझ्या गॅरेजच्या भिंतीवर आहेत, घड्याळ लावलंय एकात.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात वडिलांची छोटी फाउंड्री होती, त्यामुळे ओतकामाचं थोडं कळतं. मॅग्नेशियम हलकं खरंच, ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि याची १.७४, म्हणजे त्याच मापाचं चाक जवळजवळ एक तृतीयांश हलकं, आणि साठच्या दशकात शर्यतवाले त्यामागे लागले ते उगाच नाही. पण ते गंजतं, आतून सच्छिद्र असलं की हवा झिरपते, आणि पन्नास-साठ वर्षं दर शर्यतीला धक्का खाऊन थकतं. थकलेलं ओतीव काम वाकत नाही रे, सरळ फुटतं. आणि तुझ्या गाडीत तू बसणार कुठे? मागच्या ॲक्सलच्याही मागे, पाय ॲक्सलवरून पलीकडे टाकून, दोन्ही कोपरांशेजारी एकेक टायर. चाक फुटलं तर तुकडे मांडीवर.

तरी घ्यायचीच असतील तर डाय टेस्ट करून घे. रंग पूर्ण काढायचा, लाल डाय मारायचा, थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, चीर असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. आणि रंग काढताना ग्राइंडर लावू नको. मॅग्नेशियमचा भुसा पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आणखी भडकतो, वडील फाउंड्रीत कोरड्या वाळूची बादली याच्यासाठीच ठेवायचे.

माझं मत विचारशील तर जुनी मॅग शोसाठी, फोटोसाठी. पळवायला नवीन ॲल्युमिनियमची घे, त्याच जुन्या घाटाची मिळतात, आणि एसएफआयचा, म्हणजे शर्यतीच्या सामानाची सुरक्षितता ठरवणाऱ्या संस्थेचा, शिक्का बघून घे. टेक इन्स्पेक्टर स्टिकर बघतो, घराणं नाही.

पुढच्या चाकांचं रात्री लिहितो, आत्ता नातीला शाळेतून आणायचंय.

— अण्णा

प्रेषक: नाना, सॅन होजे

अण्णांच्या अनुभवाचा आदर आहे पण एक सुचवतो. मी पुण्यात पस्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. पुढे इतकी बारीक चाकं कशाला? चांगले रुंद रेडियल टाका, स्टिअरिंगला पकड येईल. मागेही रेडियल घ्या, टेक्नॉलॉजी पुढे गेलीये, आपण जुन्यालाच का कवटाळायचं?

— नाना

प्रेषक: ताई (लिस्टची व्यवस्था)

ही लिस्ट गणपती, पॉटलक आणि मराठी शाळेसाठी आहे हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी टायर घेऊन येतं. चालू द्या, पण विषयाच्या ओळीत "गाडी" लिहा म्हणजे ज्यांना नको ते वाचणार नाहीत.

आणि मला एक कळलं नाही. ड्रायव्हर दोन टायरांच्या मधे आणि समोर इंजिन तोंडावर, मग इंजिन मागे का नाही टाकत? साधी गोष्ट आहे ना.

— ताई

प्रेषक: अण्णा, बेकर्सफील्ड
विषय: गाडी

ताई, तुम्ही विचारलंत ते डॉन गार्लिट्स या नामांकित ड्रॅग रेसरने ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स स्ट्रिपवर विचारलं असेल, कारण त्या दिवशी त्याचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. बरा होताना त्याने इंजिन मागे असलेली गाडी आखली आणि १९७१ ला पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा जिंकली. मग काय, थोड्याच वर्षांत सगळ्यांनी इंजिनं मागे नेली. बाळूची गाडी त्याच्या आधीच्या काळातली आहे, म्हणजे घाट तिथला. ती नॉस्टॅल्जिया क्लासमध्येच, म्हणजे जुन्या घाटाच्या गाड्यांच्या गटातच पळते, म्हणून इंजिन पुढेच. हौसेला मोल नाही.

नाना, रेडियलचं. रस्त्यावरच्या गाडीला बरोबर आहे तुमचं. पण या गाडीला पुढे ब्रेकच नसतात, ब्रेक मागे आणि वर पॅराशूट. सुरुवातीला सगळा भार मागे जातो, पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतात, कधी उचललेलीच. त्यांचं काम फक्त सरळ ठेवणं आणि वाऱ्याला कमी अडणं. तिथे रुंद टायर म्हणजे नुसतं वजन. आणि मागच्या बायस-प्लाय स्लिकला, म्हणजे आत तिरपे धागे असलेल्या गुळगुळीत टायरला, बाजूची भिंत मऊ असते, सुटताना ती चुरगळते, धोतराच्या निऱ्या पडाव्यात तशी, आणि तिथेच पहिला झटका जिरतो. पुढे रेडियल मागे बायस अशी भेसळ केली तर दोघांची वाकण्याची रीत वेगळी, गाडी शेवटी शेवटी डोलायला लागते. मी ते पिटच्या भिंतीमागून बघितलंय, आतून बघायची इच्छा नाही.

आता बाळू, तारांची चाकं. लावतात, मीही लावलेली बघितलीत, दिसतात सुंदर. पण आधी हे बघ की टायरवर स्पीडचं अक्षर काय आहे. मोटरसायकलच्या टायरवर एच असेल तर तो ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा, व्ही असेल तर २४०. तुझी गाडी १८० मैलाला जाणार, म्हणजे २९० किलोमीटर. मग कसं जमणार? त्यापेक्षा ड्रॅगसाठीच बनवलेले फ्रंट रनर, म्हणजे पुढचे बारीक टायर घे, २२ इंच उंच, अडीच इंच रुंद, १७ इंची रिमचे, आणि बारा आऱ्यांची ओतीव ॲल्युमिनियमची स्पिंडलवर बसणारी चाकं. लांबून तारांसारखीच दिसतात, आजोबांनाही पटतील.

तारांचीच हवी असतील तर ट्यूब लागणारच कारण निपलमधून हवा जाते, आणि चाकाचा आउट काढायला ज्याला खरंच येतं असा माणूस शोध. आमच्या गल्लीत सायकलवाला चाक उलटं टांगून खडू धरून आउट काढायचा, तार थोडी सैल थोडी घट्ट, अर्ध्या तासात चाक नाचायचं थांबायचं. तसा हात इकडे दुर्मिळ.

गणित करून बघ. २२ इंची चाक १८० मैलाला मिनिटाला सुमारे २७५० फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला बॅलन्सिंगचं १० ग्रॅमचं शिसं चिकटवलंस तर त्या वेगात ते जवळजवळ १८ किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं. नुसत्या गोंदावर ठेवू नको, वरून पक्की टेप मार, आणि दर शर्यतीनंतर बोट फिरवून बघ आहे की उडालं.

— अण्णा

प्रेषक: बाळू, फ्रेस्नो
विषय: गाडी

अण्णा, थँक्यू, पुढची चाकं तुम्ही सांगितलीत तशीच ऑर्डर करतो. मागच्या टायरचं सांगा ना. मोठा घेतला की टॉप स्पीड वाढतो असं आजोबा म्हणतात, आणि ते म्हणतात साठच्या दशकातला लूक हवा म्हणून पायक्रस्टवाला, म्हणजे कडेला चुण्यांची नक्षी असलेला, जुना घाट घेऊ. रिम आणि टायरमध्ये स्क्रू मारतात असं ऐकलं ते खरं का? टायरला भोक पाडायचं हे मनाला पटत नाही.

— बाळू

प्रेषक: अण्णा, बेकर्सफील्ड
विषय: गाडी

स्क्रूचं आधी सांगतो. तुझ्या आजोळी बैलगाडी होती ना? उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळलं की लोखंडी धाव सैल होऊन चाकावर फिरायची, मग लोक गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायचे, लाकूड फुगून धाव घट्ट. इथे उलटं आहे, रिम जागेवर फिरते आणि कमी हवेचा मऊ टायर मागे राहतो. ट्यूब असेल तर तिचा व्हॉल्व्ह त्या ओढीत मुळातून तुटतो आणि ताशी शंभर मैलाला टायर बसतो. म्हणून रिमच्या कडेतून टायरच्या बीडमध्ये, म्हणजे रिमला बसणाऱ्या जाड कडेत, स्क्रू मारतात, दोन्ही बाजूंनी, ट्यूबला लागणार नाहीत इतके आखूड. बीडमध्ये, हं, बाजूच्या भिंतीत नाही. आणि रिम-टायरवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मार. रन संपवून आलास की रेघ तुटली का बघ. तुटली असेल तर टायर सरकला.

लूकचं. पन्नासच्या दशकात स्लिक म्हणजे जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवलेला रिकॅप. मग मॅसॅच्युसेट्समधल्या मार्व्हिन आणि हॅरी रिफ्किन या बापलेकांनी एम अँड एच नावाने ड्रॅगसाठीच टायर काढले, पुढे फायरस्टोन-गुडइयर उतरले, आणि साठच्या दशकाच्या शेवटाकडे ते चुरगळणाऱ्या भिंतीचे रिंकल वॉल आले. तुझी गाडी १९६८ च्या घाटाची, तिला रिंकल वॉलच शोभतो आणि पकड घेतोही तोच. पायक्रस्ट त्याच्या आधीच्या गाडीचं लेणं, शोला लाव हवं तर.

आता मोठा टायर. आजोबांचं अर्धं बरोबर आहे. आरपीएम गुणिले टायरची उंची इंचात, भागिले (गिअर रेशो गुणिले ३३६), उत्तर ताशी मैलात. ७००० आरपीएम, ३२ इंची टायर, ३.९० चा गिअर धरला तर १७१ मैल. पण स्लिक वेगात फुगतो, ३२ चा समजा ३४ झाला तर तेच उत्तर १८१-१८२ वर जातं. म्हणजे टायर स्वतःच गिअर बदलतो, तू न विचारता. मोठा टायर घेऊन मग सुटताना इंजिन ओढत नाही म्हणून गिअर बदलत बसलास तर तिथेच आलास. आधी इंजिन कुठे ताकद देतं बघ, मग टायर, आणि फुगल्यावर रोलकेज (ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) आणि बॉडीपासून जागा उरते का ते बघ. उभ्या गाडीत बोट गेलं म्हणजे पळत्या गाडीत जाईल असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नवीन लोक विसरतात. तुझ्या मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नाही, स्पूल आहे, दोन्ही चाकं एकदमच फिरतात. ३२ इंची टायरचा घेर साधारण १००.५ इंच, पाव मैलात तो १५८ फेऱ्या मारतो. उजवा टायर घेराने अर्धाच इंच मोठा असला तरी त्याला एकंदर साडेसहा फूट जास्त जायचंय, मग गाडी डावीकडे जाणार आणि तू म्हणणार स्टिअरिंग बिघडलं. एकाच मापाचे दोन टायर नवे कोरे असले तरी घेर वेगळा निघतो. चढवायचे, रात्रभर हवा भरून ठेवायचे म्हणजे ताणतात, दुसऱ्या दिवशी दोन्हीत सारखी हवा करून मोजायचे. नाही जुळले तर दुकानात परत.

नट बसवताना, स्टडची जाडी जितकी तितका तरी आटा नटात गेला पाहिजे. नवीन चाकाचं हब जाड असतं, जुने स्टड तोकडे पडतात, हे चाक आणल्यावरच कळतं.

— अण्णा

प्रेषक: बाळू, फ्रेस्नो
विषय: गाडी

अण्णा, काल त्या माणसाकडे डाय घेऊन गेलो, आधी तो करूच देईना, म्हणाला विश्वास नाही का. मी म्हटलं माझा आहे, अण्णांचा नाही. एका चाकाला काही नाही. दुसऱ्याला तिसऱ्या भोकाशी लाल रेघ, पाऊण इंच. तो म्हणाला ओरखडा आहे. पुसलं, परत फवारलं, परत तिथेच आली. आजोबा काहीच बोलले नाहीत, फक्त गाडीत जाऊन बसले. नवीन ॲल्युमिनियमची ऑर्डर केलीत, स्टिकर असलेली, स्टडपण लांब घेतले. टायर आल्यावर शनिवारी मोजायला याल का?

— बाळू

प्रेषक: नाना, सॅन होजे
विषय: गाडी

स्पूलचं माझ्या लक्षात नव्हतं. रेडियलचा मुद्दा मागे घेतो, पुढच्या चाकांपुरता नाही.

— नाना

प्रेषक: ताई (लिस्टची व्यवस्था)
विषय: गाडी आणि गणपती

शनिवारी मखराची मिटिंग बाळूच्याच गॅरेजमध्ये आहे, हे बाळूला आठवतंय का? थर्माकोल आणि ते टायर एकत्र ठेवू नका, मागच्या वर्षी पेंटचा वास पंधरा दिवस गेला नव्हता. अण्णा, तुम्ही येणारच असाल तर मोदकाचा मोठा साचा तुमच्याकडे राहिलाय.

— ताई

प्रेषक: अण्णा, बेकर्सफील्ड
विषय: गाडी आणि गणपती

येतो. साचा आणतो, घेर मोजायला स्टीलची पातळ टेप आणतो. बाळू, घरातली शिवणाची टेप काढू नको, ती ताणते.

— अण्णा