मुकुटधारी बूट: मिखील द स्वानचे प्रहसन राजाची खुशामत करते का?

डंकर्क बंदरात १६५४ मध्ये जन्मलेला मिखील द स्वान पेशाने शल्यचिकित्सक होता आणि शहरातल्या कवी-नाटककारांच्या मंडळातला एक अग्रणी होता. तो आठ वर्षांचा असताना, १६६२ मध्ये, इंग्लंडच्या राजाने हे फ्लेमिश (म्हणजे डच बोलणाऱ्या फ्लँडर्स प्रदेशातले) शहर फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकून टाकले. त्यानंतर १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत द स्वान फ्रेंच राजाची प्रजा होता, पण लिहीत राहिला तो डच भाषेतच. फ्रेंच नाटककार कॉर्नेयचे 'ल सिद' हे नाटकसुद्धा त्याने डचमध्ये आणले.

त्याच्या १६८८ च्या 'मुकुटधारी बूट' या प्रहसनात सोळाव्या शतकात फ्लँडर्सवरही राज्य केलेला सम्राट पाचवा चार्ल्स ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या मौजेच्या दिवसांत वेष पालटून बाहेर पडतो आणि एका मोच्याच्या घरी जेवायला बसतो. पाहुणा कोण हे ठाऊक नसल्यामुळे मोची मोकळेपणाने बोलतो. पुढे त्याला दरबारात बोलावणे येते आणि मुकुट घातलेला बूट मानचिन्ह म्हणून मिरवण्याचा अधिकार मिळतो. या नाटकावर राजभक्तीचा शिक्का मारला जातो, तो मला मुळीच पटत नाही. चार्ल्सचा जन्म फ्लँडर्समधल्या गेंट शहरातला. फ्रेंच अमलाखाली आलेल्या प्रेक्षकांसमोर आपल्या मातीतला सम्राट, तोही त्यांच्याच बोलीत हसताना उभा करणे, हे धाडस होते.

प्रतिसाद १
ज्या गेंटचा आपण अभिमानाने उल्लेख करता, त्याच गेंटने वाढीव करभाराविरुद्ध उठाव केला, तेव्हा १५४० मध्ये याच चार्ल्सने तिथल्या प्रतिष्ठित नागरिकांना अनवाणी, गळ्यात फास अडकवून आपल्यापुढे क्षमायाचना करायला लावली. गेंटवासीयांना आजही 'फासवाले' म्हणतात. मोच्याच्या ताटाशी मायेने बसणारा सम्राट रंगवताना ही आठवण पुसली जाते, आणि राजा मनाने चांगलाच असतो हा समज लुईच्याही सोयीचा होता. मोच्याची किंमतसुद्धा राजाने मान्य केल्यावरच ठरते, याचे काय?

प्रतिसाद २
गेंटचा अपमान मलाही विसरता येत नाही. तरीही खुशामत जिवंत धन्याची करतात, आणि चार्ल्सला जाऊन तेव्हा १३० वर्षे झाली होती. द स्वानने १७०४ मध्ये याच सम्राटाच्या अखेरच्या दिवसांवर शोकांतिका लिहिली, ती सत्ता सोडून मठाशेजारी राहिलेल्या माणसाची आहे. दोन्ही नाटके एकत्र वाचली तर त्याला सिंहासनापेक्षा त्यावरून उतरलेला माणूस अधिक खुणावत होता, असे मला वाटते.

धागाकर्ता
प्रतिसाद १ मधला शेवटचा प्रश्न खरोखर कठीण आहे. मान वरून येतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु मुकुट कशावर चढला, हेही पाहावे. मोच्याला तलवार दिलेली नाही, सरदारकी दिलेली नाही. तो मोचीच राहतो, आणि जी वस्तू रोज त्याच्या हाताखालून जाते तिच्यावरच मुकुट ठेवला जातो.