थ्रॉटल फिल्टर 0 ठेवला की ड्रोन उसळतो, 1 केला की उतरताना आपटतो

नंदगडचा ऊसवाला:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा. गव्यांनी ऊस कुठं तुडवलाय ते बांधावरून दिसत नाही, म्हणून स्वतः ड्रोन जोडलाय. 450 मिमीची फ्रेम, 10 इंची पाती, 4 सेलची बॅटरी, वजन 1 किलो 600 ग्रॅम, फ्लाइट कंट्रोलरवर (ड्रोनच्या मेंदूवर) अर्डुकॉप्टर हे सॉफ्टवेअर. रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट, तेवढा जुना घेतलाय.

स्टॅबिलाइज मोडमध्ये, म्हणजे मोटारींचा जोर (थ्रॉटल) मीच स्टिकनं देतो तेव्हा, स्टिक घट्ट धरली तरी मोटारींचा आवाज मधेच चढतो आणि ड्रोन वीतभर उसळतो. ऑल्ट होल्डमध्ये, म्हणजे ड्रोन स्वतः उंची धरतो तेव्हा, मात्र एकदम शांत. म्हणून पायलट_टीएचआर_फिल्ट ही थ्रॉटल फिल्टरची सेटिंग 0 ची 1 केली. उसळणं बरंच कमी झालं. पण परवा उतरवताना थ्रॉटल दिला तरी ड्रोन खाली येतच राहिला आणि भात कापलेल्या शेतात आपटला. एक पाय मोडला, दोन पाती गेली. बाबा बांधावरून धावत आले. नेमका किती आकडा ठेवू?

निपाणीकर:
2 किंवा 3 करून बघा. 1 फार कमी.

उद्यमबागचा फिटर:
भाऊ, आकडा नंतर. आधी उसळी येते कुठनं ते शोधा. मी पंचवीस वर्षं लेथवर आहे. बेअरिंगचा आवाज आला की बेअरिंग बघायचं, वर ग्रीस थापून आवाज दाबायचा नाही.

हा फिल्टर तुमच्या स्टिकची हालचाल मोटारीपर्यंत सावकाश पोचवतो. आकडा हर्ट्झमध्ये असतो, 0 म्हणजे बंद. 1 हर्ट्झला स्टिक वर केल्यापासून 0.16 सेकंदात बदलाचा 63 टक्के भाग पोचतो, 95 टक्के पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. ड्रोन सेकंदाला दीड मीटरनं खाली येत असेल तर तेवढ्यात पाऊण मीटर गेला. तुमचा पाय मोडला तो या पाऊण मीटरात. 2 हर्ट्झला हा वेळ निम्मा होतो.

ऑल्ट होल्डमध्ये हा फिल्टर चालतच नाही, तिथं उंची कंट्रोलर सांभाळतो. शिवाय स्टिकच्या मधोमध टीएचआर_डीझेड या सेटिंगचा मोकळा पट्टा असतो, मुळात दोन्ही बाजूंना 100 पीडब्ल्यूएम (स्टिकच्या सिग्नलचा आकडा, मधोमध साधारण 1500). स्टिक आतनं थोडी नाचली तरी त्या पट्ट्यात खपून जाते. म्हणून माझा संशय तुमच्या रेडिओवर आहे. लॉग (उड्डाणाची नोंद) काढा, आरसीआयएनमधला, म्हणजे रेडिओकडून आलेल्या सिग्नलमधला, सी3 बघा, म्हणजे थ्रॉटलचा चॅनल. हात स्थिर असताना ती रेघ सरळ पाहिजे.

मॉट_टीएचएसटी_एक्स्पो, म्हणजे थ्रॉटल आणि पात्यांचा जोर यांचा मेळ घालणारी सेटिंग, तिला हात लावू नका. 10 इंची पात्याला 0.65 बरोबर आहे. आणि ऊस कितीही जवळ असला तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघूनच उडवा.

नंदगडचा ऊसवाला:
मामा, रात्री बसून लॉग काढला. हात स्थिर, आणि सी3 ची रेघ 1488 वरून 1530 वर उडी मारते, परत खाली. प्रत्येक उसळीच्या आधी तीच उडी. डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास बसत नव्हता, मी आठवडाभर पीआयडीचे, म्हणजे ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या सेटिंगचे, आकडे बदलत होतो.

आज सकाळी रेडिओ उघडला. थ्रॉटलच्या स्टिकखालच्या पॉटमध्ये (स्टिकची जागा मोजणाऱ्या भागात) तांबडी धूळ, आमच्या रस्त्याचीच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्टिक पन्नासेक वेळा वरखाली केली. मग पाती काढून ठेवली, रेडिओचं कॅलिब्रेशन नव्यानं केलं. आता रेघ 2-3 आकड्यांच्या वर हलत नाही.

उद्यमबागचा फिटर:
छान केलंत. पण क्लीनरनं पॉट कायमचा सुधारत नाही, आतली पट्टी झिजलेली असेल तर महिन्यात परत सुरू होईल. नवा पॉट बसवून घ्या. फिल्टर आधी 0 वर उडवा, पाच फुटांच्या वर जाऊ नका. तुमच्या हातानं थ्रॉटल फार झटक्यानं जातोय असं वाटलं तरच 3 करा.

निपाणीकर:
मॉट_बॅट_व्होल्ट_मॅक्स 16.8 आणि मिन 13.2, म्हणजे भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटरीचे व्होल्ट, भरलेत का? नसेल तर बॅटरी उतरत गेली की त्याच स्टिकला जोर कमी मिळतो, आणि उतरायची वेळ तीच असते.

नंदगडचा ऊसवाला:
भरलं नव्हतं, आता भरलं. संध्याकाळी 0 वर दोन बॅटऱ्या उडवल्या. उसळी एकदाही नाही. उतरवताना स्टिक वर केली की ड्रोन लगेच थांबतो. शेवटच्या वेळी बाबांनी हातात रेडिओ मागितला, आणि त्यांनी उतरवला.