'डॉक्टर हू'च्या श्रुतिका: सुरुवात कुठून करू, आणि डॉक्टरशिवायच्या ऐकाव्यात का?

निनाद

नमस्कार मंडळी. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची काळप्रवासाची टीव्ही मालिका मी कॉलेजात असताना पाहायला लागलो. तिचा नायक डॉक्टर मरणाच्या दारात नवं रूप घेतो नि नट बदलतो, म्हणून पहिला, दुसरा असे डॉक्टर मोजतात. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली, तिथपासूनचं सगळं पाहून झालंय. १९६३ ते १९८९ मधली जुनी मात्र हाताला लागेल तेवढीच पाहिली आहे.

गेल्या महिन्यात आमचं ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला हललं. कर्वेनगरहून कंपनीच्या बसने जायला सव्वा तास, आणि पावसात परत यायला दोन तासही लागतात. चालत्या बसमध्ये स्क्रीनकडे बघितलं की मला मळमळतं. म्हणून ऐकण्यासारखं काही शोधत होतो, तर बिग फिनिश या इंग्लंडमधल्या कंपनीच्या ऑडिओ नाटकांचा पसारा सापडला आणि छातीत धडकीच भरली. डॉक्टरच्या गोष्टी आहेतच, पण बाजूच्या एकेका पात्राला, संस्थेला किंवा जागेला घेऊन काढलेल्या स्वतंत्र मालिकाही आहेत: रिव्हर साँग, टॉर्चवुड, युनिट, गॅलिफ्रे, जेगो आणि लाइटफुट, काउंटर-मेझर्स. यातली अर्धी नावं मी आधी ऐकलीही नव्हती.

ज्या गोष्टीत डॉक्टरच नाही ती ऐकायला मजा येते का? या गोष्टी मूळ मालिकेच्या धरायच्या की हौशी जोडकाम समजायचं? आणि मूळ नट वारले असतील तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज वापरतात असं वाचलं, ते कानाला खटकत नाही का? ज्यांनी खरोखर ऐकलंय त्यांनी सांगा. पैसे घालायचेत, म्हणून विचारतोय.

पौडफाटा

क्रमाने जा. बिग फिनिशने काढलेल्या डॉक्टरच्या पहिल्या श्रुतिकेत, म्हणजे १९९९ च्या 'द सायरन्स ऑफ टाइम'मध्ये, पाचवा, सहावा आणि सातवा असे तिन्ही डॉक्टर मूळ नटांच्या आवाजात आहेत. तिथून दर महिन्याच्या गोष्टींचा जो सिलसिला सुरू झाला तो २०२१ मध्ये २७५ व्या गोष्टीला संपला. पहिल्या पन्नास ऐकल्यास की बाजूच्या मालिका आपोआप कळतील. आधी मूळ झाड, मग फांद्या.

शुक्रतारा

निनाद, तू माझ्या भाच्याच्या वयाचा असणार, म्हणून अरेतुरे करते.

क्रमाने जाऊ नकोस. पौडफाटा यांचा व्यासंग मोठा आहे, त्यांच्याकडूनच मी कितीतरी शिकले, पण या बाबतीत माझं मत अगदी उलट आहे. पहिली गोष्ट तीन डॉक्टरांना एकत्र आणण्याच्या खटपटीतच अडकली आहे. माझ्या दोन मैत्रिणींनी तिथून सुरुवात केली आणि चौथ्या गोष्टीपर्यंतही त्या टिकल्या नाहीत. श्रुतिकेत शिरायचं ते आवाजाचं बोट धरून. एक आवाज तुला आपलासा वाटला पाहिजे, मग तो नेईल तिकडे जायचं.

मला तो आवाज २०१४ च्या जुलैत भेटला. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता, ऑपरेशन झालं. त्यात डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. तो वर चढून पडद्याला जागेवर दाबून धरतो, आणि तो बरोबर तिथेच राहावा म्हणून माणसाने पालथं राहायचं. मी आठ दिवस पालथी होते. नळ स्टॉपजवळचं आमचं घर, मधली खोली, कपाळाखाली उशी आणि नाकासमोर हातभर अंतरावर फरशी. तिच्यावरची एक तडा गेलेली रेघ मला अजून पाठ आहे. वाचन बंद, टीव्ही बंद. भाच्याने फोनमध्ये 'स्टॉर्म वॉर्निंग' ही श्रुतिका भरून दिली आणि म्हणाला, "मावशी, याला डोळे लागत नाहीत."

१९३० चा ऑक्टोबर. आर-१०१ हे इंग्रजांचं अवाढव्य, वायूच्या जोरावर फुग्यासारखं तरंगणारं हवाई जहाज कराचीला निघालंय. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती आणि या जहाजासाठी तिथे प्रचंड हँगर बांधून ठेवलं होतं. खरं जहाज ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. नाटकात त्याच जहाजावर चार्ली पोलार्ड नावाची मुलगी पोऱ्याच्या वेशात चोरून चढली आहे. इतिहासाच्या हिशेबाने तिने तिथे मरायला हवं, आणि आठवा डॉक्टर तिला वाचवतो. पुढच्या कित्येक गोष्टींवर त्या एका वाचवण्याची सावली आहे, ती कशी हे मी सांगणार नाही. खिडकीबाहेर आषाढाचा पाऊस आणि कानात जहाजाच्या कापडावर आपटणारा पाऊस, दोन्ही मिसळून जायचे. इंडिया फिशर नावाची नटी चार्ली झाली आहे. तिच्या आवाजात भीती आणि मौज एकाच वेळी असते. आठ दिवसांत ती गोष्ट मी तीनदा ऐकली.

या गोष्टी खऱ्या धरायच्या का, याचं उत्तरही चार्लीपाशीच आहे. आठवा डॉक्टर म्हणजे पॉल मॅकगॅन. पडद्यावर त्यांना १९९६ चा एकच टीव्ही चित्रपट मिळाला होता, बाकीचा त्यांचा सगळा डॉक्टर कानांसाठी घडला. मग २०१३ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने सात मिनिटांची छोटी फिल्म आली. तिच्यात मरणाच्या दारात उभा असलेला हा डॉक्टर आपल्या सोबत्यांची नावं घेतो, त्यात पहिलं नाव चार्लीचं! तोवर तिला कुणी पडद्यावर पाहिलेलंच नव्हतं. मी ते पाहिलं तेव्हा एकटीच होते आणि मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. माझ्यापुरता तो वाद तिथे मिटला.

आता डॉक्टर नसलेल्या मालिका. यावर मला मनापासून बोलायचंय, कारण श्रुतिकेचं खरं सामर्थ्य तिथे दिसतं.

माझे वडील पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक कलाकार म्हणून श्रुतिकांमधून कामं करायचे. मी शाळेत असताना एकदा त्यांनी मला बरोबर नेलं होतं. संहितेची पानं टाचलेली नसत. प्रत्येक पान सुटं, वाचून झालं की ते हलकेच सतरंजीवर सोडून द्यायचं, कारण पान उलटल्याची सळसळ माइक लगेच पकडतो. काचेपलीकडे बाबा आणि एक बाई समोरासमोर उभे होते, दोघांच्या पायांशी पानांचा सडा. बाबा तेव्हा पन्नाशी उलटलेले, डोक्यावर केस नाहीत, चष्मा नाकावर घसरलेला, आणि आवाज बाविशीतल्या प्रेमात पडलेल्या मुलाचा. आठवड्याने घरी रेडिओवर लागलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही, आतूनच ऐकत होती. चेहऱ्याच्या आधी आवाज म्हातारा होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

जेगो आणि लाइटफुट ही मालिका याच जोरावर उभी आहे. मूळ मालिकेत ही दोन पात्रं १९७७ च्या एकाच सहा भागांच्या गोष्टीत आली. व्हिक्टोरियन लंडन, हेन्री गॉर्डन जेगो हा नाटकगृहाचा चालक आणि प्रोफेसर लाइटफुट हा शवविच्छेदन करणारा डॉक्टर. दोघांची गाठही गोष्ट संपत आल्यावर पडते. ती गोष्ट आज मला पाहवत नाही, चिनी जादूगाराच्या भूमिकेत गोऱ्या नटाला रंग फासून उभं केलंय. पण ही जोडी लोकांच्या लक्षात राहिली, आणि ३३ वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच दोन नटांना घेऊन त्यांची स्वतःची मालिका निघाली. क्रिस्तोफर बेंजामिन आणि ट्रेव्हर बॅक्स्टर दोघेही तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले. पडद्यावर हे शक्यच नव्हतं, कानाला मात्र १९७७ नंतर चार दिवस गेल्यासारखं वाटतं. तेरा पर्वं झाली, प्रत्येकात चार गोष्टी. जेगोचं बोलणं अनुप्रासांनी भरलेलं, गडगडाटी, आपल्या जुन्या संगीत नाटक कंपनीच्या मालकाने पडद्यासमोर येऊन मायबाप रसिकांना हाक घालावी तसं. आणि लाइटफुट घरंदाज, हळू, चहा पुढे करणारा. भुतंखेतं आणि परग्रहवासी येतात नि जातात. मी ऐकते ती हे दोन म्हातारे एकमेकांना सांभाळून कसे घेतात ते.

२०१७ च्या जुलैत बॅक्स्टर गेले. कंपनीने लाइटफुटसाठी दुसरा आवाज शोधला नाही. पुढच्या वर्षी जुनं ध्वनिमुद्रण वापरून निरोपाची एक गोष्ट काढली आणि मालिका थांबवली. हेच बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे. बेंजामिनही आता नाहीत. या जोडीत एक आवाज दुसऱ्याच्या श्वासावर बोलायला शिकला होता, तिथे नवा माणूस आणला असता तर जेगोही खोटा वाटला असता.

मृण्मयी ल.

शुक्रतारा, डोळ्यांत पाणी आणलंत.

निनाद, मी जरा व्यवहाराचं सांगते, कारण मीही हिंजवडीचीच प्रवासी आहे. तुझ्या बसला टॉर्चवुडच्या, म्हणजे परग्रहवासीयांचा माग काढणाऱ्या गटाच्या, दरमहा आलेल्या गोष्टी चांगल्या. २०१५ पासूनच्या आहेत, साधारण तासाभराची एक, बहुतेक ठिकाणी दोन-तीनच पात्रं, त्यामुळे गाडीच्या आवाजातही कोण बोलतंय ते कळतं. मजकूर मोठ्यांसाठीचा आहे, घरी स्पीकरवर लावू नकोस.

डेलेकांच्या, म्हणजे डॉक्टरच्या त्या चिलखती यंत्रातल्या शत्रूंच्या, गोष्टी इअरफोनवर सलग ऐकू नकोस. निकोलस ब्रिग्ज हे नट त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून, म्हणजे आवाज यांत्रिक खरखरीत करणाऱ्या उपकरणातून, काढतात, टीव्हीवरही २००५ पासून तेच आहेत. एक डेलेक बोलला तर अंगावर काटा येतो, पण सहा डेलेक भांडायला लागले की अर्ध्या तासात डोकं उठतं.

आणि एक तक्रार सगळ्यांसमोर मांडते. काही लेखक ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. पात्र दार उघडतं, दाराची करकर आपल्याला स्पष्ट ऐकू येते, तरी ते म्हणतं की हे बघ, मी दार उघडतोय. ज्या गोष्टीच्या पहिल्या दहा मिनिटांत असं दोनदा झालं ती मी सोडून देते. काउंटर-मेझर्स या बाबतीत फार नेटकी आहे. मूळ मालिकेतल्या १९८८ च्या गोष्टीतले तिघं शास्त्रज्ञ आणि लष्करवाले, काळ १९६० च्या दशकातला, टेलिफोनच्या डायलचा नि टाचांचा आवाज एवढ्यावर खोली उभी करतात.

पौडफाटा

क्रमाचा हट्ट सोडला. शुक्रतारा यांच्या प्रतिसादानंतर मीच काल रात्री 'स्टॉर्म वॉर्निंग' पुन्हा लावलं.

पण नट बदलण्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन १९८७ मध्ये गेले. त्यांच्या काळातले कितीतरी भाग बीबीसीने टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले, चित्र गेलं. आवाज मात्र सगळ्या भागांचा शिल्लक आहे, कारण त्या वेळी घराघरांतल्या पोरांनी टीव्हीपाशी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. म्हणजे या डॉक्टरला आपण मुळात बराचसा ऐकूनच ओळखतो. आता श्रुतिकेत तो आवाज त्यांचा मुलगा मायकेल ट्राउटन देतो. नक्कल म्हणून मी कान टवकारून ऐकायला बसलो होतो. पण दोन वाक्यांच्या मधे तो जो थोडा अडखळतो, तिथे मला नक्कल ऐकू आली नाही. तसंच डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन हिचं. तिची भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन २०११ मध्ये गेल्या, आता त्यांची मुलगी सेडी मिलर ती भूमिका करते. थांबवलं असतं तर ही पात्रं संग्रहालयात गेली असती.

शुक्रतारा

मुलीने आईची भूमिका करावी, याला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण सारा जेनची २००२ ची मालिका आधी ऐका, खुद्द स्लेडन यांच्या आवाजातली. टीव्हीवर त्या २००६ मध्ये परतल्या, त्याच्या चार वर्षं आधीची. एकटी पडलेली, संशयी, कुणावर पटकन विश्वास न ठेवणारी सारा आहे ती. आईने ते पात्र कुठवर नेलं होतं हे कानात असलं की मुलीचं काम जास्त कळतं. मला तरी अजून मुलीच्या आवाजात सारा दिसत नाही. वेळ लागेल.

बाबा गेल्यावर त्यांच्या काही श्रुतिकांचं मुद्रण कुठे मिळतंय का म्हणून मी बरीच वर्षं विचारत फिरले. एकही मिळाली नाही. त्यामुळे इंग्लंडमधल्या त्या पोरांच्या टेपरेकॉर्डरचं वाचलं की पोटात कालवतं.

निनाद

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय. 'स्टॉर्म वॉर्निंग' दोनदा झालं. परवा चांदणी चौकात बस पाऊण तास अडकली, बाहेर धो धो पाऊस, काचा धुक्याने भरलेल्या, आणि कानात जहाज वादळात शिरत होतं. शेजारचा माणूस वैतागून फोनवर बोलत होता, मला मात्र बस हलूच नये असं वाटत होतं.

जेगो-लाइटफुटचं पहिलं पर्व घेतलंय. तोवर चार्लीचंच पुढे ऐकायचंय. काकू, कोणती घेऊ?

शुक्रतारा

'द चाइम्स ऑफ मिडनाइट'. रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेली, २००२ ची. जुन्या श्रीमंत घराचं तळघरातलं स्वयंपाकघर, नाताळची आदली रात्र, नोकरमाणसं आणि एक घड्याळ. मधल्या चार गोष्टी सुटल्या तरी चालेल. ही मात्र बसमध्ये नको. रात्री घरचे झोपल्यावर दिवा मालवून ऐक, आणि जमलं तर खोलीतलं घड्याळ आधी बाहेर नेऊन ठेव.