उभ्या रेषा गेल्या म्हणून गेम बॉय टाकू नका

दादा, पडद्यावरच्या ठिपक्यांच्या काही उभ्या रेषा दिसेनाशा झाल्या म्हणून १९८९च्या मॉडेलचा गेम बॉय, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम, भंगारात देऊ नका, जुन्याच्या जागी बसवायचा नवा आयपीएस (आधुनिक, उजळ एलसीडी) पडदाही एवढ्यात मागवू नका. बहुतेक वेळा पडद्याची काच शाबूत असते. तिच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या रिबन केबलची (चपट्या पट्टीसारख्या वायरची) पकड सुटलेली असते. गेम चालू ठेवून त्या जोडावर कमी तापवलेली सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवा. रेषा एकेक करून परत येतात. एका जागी मात्र थांबू नका, केबल जळते.

सांगलीत २०१९च्या पुरात माझ्या गेम बॉयमध्ये पाणी शिरलं होतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासला, रेषा अशाच जोडल्या. आजही चालतो. त्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या हिरवट पडद्याची सर नव्याला नाहीच! मिरज-सांगलीत असाल तर घेऊन या, रविवारी बसू.