अ‍ॅस्परजिलसकडनं अमायलेज जास्त कसं काढायचं?

खानापूरवाला:
बेळगावात एमएस्सी मायक्रो करायलोय. अ‍ॅस्परजिलस ओरायझी बुरशीकडनं अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाईम, काढायलोय. शेक फ्लास्क (शेकरवर हलवत ठेवलेलं पातळ मिडियम), एक टक्का स्टार्च, अमोनियम सल्फेट, बाकी नेहमीचे सॉल्ट. वाढ कमी वाटली म्हणून दोन टक्के ग्लुकोज घातलं तर बुरशी अशी फोफावली की फ्लास्कात नुसता लगदा, पण अमायलेज पार खाली आणि तिसऱ्या दिवसानंतर तर जवळजवळ नाहीच. काय करू?

अगरप्लेट:
ग्लुकोज पहिलं बंद कर बाबा. ताटात आयतं वाढलेलं असताना चूल कोण पेटवतंय? ग्लुकोज मुबलक असलं की क्रेए नावाचं प्रोटीन अमायलेजच्या जीन्स दाबून टाकतंय, आणि स्टार्च-माल्टोज असलं की अमायआर नावाचं प्रोटीन त्या चालू करतंय. वाढीसाठी साखर घालायचीच तर सीड फ्लास्कात (आधी नुसती बुरशी वाढवून घेतो त्यात) घाल, एन्झाईम काढायच्या प्रॉडक्शन फ्लास्कात नको.

टिळकवाडी_७:
पीएच बघितलास काय? अमोनियम सल्फेटमधला अमोनियम बुरशी खातीय आणि अ‍ॅसिड मागं राहतंय. चारच्या खाली गेलं की हे एन्झाईम टिकत नाही, वर प्रोटीन फोडणारे प्रोटिएज फडशा पाडायला बसलेलेच. तिसऱ्या दिवसाचं कारण मला तिथंच वाटतंय. नायट्रोजनला पेप्टोन नायतर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घे, थोडं कॅल्शियम क्लोराइड घाल, कॅल्शियमशिवाय अल्फा-अमायलेज लवकर ढिलं पडतंय. आणि डीएनएसला, म्हणजे रंगावरनं साखर मोजायच्या टेस्टला, उरलेलं ग्लुकोजपण रंग देतंय, तेव्हा उकळून मारलेल्या एन्झाईमचा ब्लँक (तुलनेचा नमुना) लाव, नायतर ५४० नॅनोमीटरला दिसलेला आकडा कशाचा हेच कळायचं नाही.

निपाणीकर:
शेकरच कशाला पाहिजे म्हणतो मी. गिरणीतनं गव्हाचा कोंडा आण, ओला कर, ऑटोक्लेव्ह कर, बुरशीचे स्पोअर (बीजाणू) टाक, ३० डिग्रीला ठेव. जपानच्या ताकामिनेनं १८९४ ला पेटंट घेतलं ते कोंड्यावरच्या बुरशीचंच. ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. थर पातळच पसर, जाड केलास की मधेच तापतंय आणि हवाही पोचत नाही. हिरवी पावडर, म्हणजे नवे स्पोअर, धरायच्या आधी एन्झाईम बफरमध्ये काढून घे.

खानापूरवाला:
कोंडा आणतो की. आमच्याकडं रताळी ढीगभर, सालीची पावडर मिसळली तर चालेल?

अगरप्लेट:
चालेल, पण रताळ्यात साखर असतीय, म्हणजे परत तेच दुखणं. साल आधी पाण्यात चांगली धुऊन वाळव. नायट्रोजन त्यात कमीच, म्हणून कोंडा जास्त नि साल थोडी. नुसत्या कोंड्याचा एक फ्लास्क शेजारी ठेव, मगच बोल किती वाढलं ते.