शब्दचर्चा : राज्याचे 'नामनिर्देशन', 'शिफारस' की 'स्पॉन्सरशिप'?

प्रश्न

ऑस्ट्रेलियात कुशल कामगार म्हणून स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. १९० आणि ४९१ या दोन व्हिसावर्गांत तेथील एखाद्या राज्याने अर्जदाराचे नाव पुढे करावे लागते. या कृतीला आपल्याकडे कोणी स्टेट स्पॉन्सरशिप म्हणतो, कोणी नामांकन, कोणी राज्याची शिफारस. जागा मोजक्या आणि इच्छुक फार, त्यामुळे 'पात्र', 'निवड', 'निमंत्रण' आणि 'मंजुरी' हे शब्दही सरमिसळ होऊन वापरले जातात. यांपैकी कोणता शब्द नेमका कोठे योजावा? तसेच ४९१ ला 'ग्रामीण व्हिसा' म्हटलेले चालेल काय?

प्रतिसाद

आपल्या यादीतील 'स्पॉन्सरशिप' हा शब्द सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्यानेच होतो. तो ऐकणाऱ्याला वाटते की राज्य सरकार खर्च उचलणार किंवा नोकरी देणार. प्रत्यक्षात राज्य यांपैकी काहीच करत नाही. 'प्रायोजकत्व' म्हणावे तर दूरदर्शनवरचा क्रिकेटचा सामना आठवतो. शिवाय ४९१ मध्येच एक स्वतंत्र वाट अशी आहे की प्रादेशिक भागात राहणारा पात्र नातेवाईक अर्जदाराला खरोखर स्पॉन्सर करतो. हा शब्द त्या वाटेसाठी राखून ठेवला नाही, तर दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडते.

'नामांकन' हिंदीच्या वळणाने आले असून मराठीत ते मुख्यतः चित्रपट व नाट्य पुरस्कारांच्या बातम्यांत स्थिरावले आहे. निवडणुकीचा अर्ज भरताना आपण 'नामनिर्देशनपत्र' म्हणतो आणि बँकेच्या खात्यालाही 'नामनिर्देशन' असते. अधिकार असलेल्या कोणी दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे एखाद्याचे नाव रीतसर मांडणे, हा अर्थ त्यात आधीपासून आहे, म्हणून माझा कौल 'राज्याचे नामनिर्देशन' या शब्दाला आहे. व्हिसा देण्याचा अधिकार संघराज्य सरकारच्या गृहखात्याचा असतो. 'मला अमुक राज्याने व्हिसा दिला' हे वाक्य त्यामुळे शब्दशः खोटे ठरते, मग ते कितीही आनंदाने उच्चारलेले असो.

'पात्र' आणि 'निवडलेला' यांतील अंतर माहितीपत्रकात ठळकपणे यायला हवे, कारण सगळी चढाओढ त्या अंतरातच चालते. वय, इंग्रजी, शिक्षण, अनुभव इत्यादींचे मिळून किमान ६५ गुण झाले की अर्जदार पात्र ठरतो. १९० साठी राज्याच्या नामनिर्देशनाचे ५ गुण आणि ४९१ साठी १५ गुण यांतच धरले जातात. परंतु ६५ हा केवळ उंबरठा आहे. संघराज्य सरकार दर वर्षी प्रत्येक राज्याला ठरावीक जागा वाटून देते. २०२४-२५ या वर्षात न्यू साउथ वेल्सला १९० साठी ३,००० व ४९१ साठी २,००० जागा होत्या, तर क्वीन्सलंडला दोन्ही वर्गांत प्रत्येकी अवघ्या ६००. सर्व राज्ये व प्रदेश मिळून हा आकडा २६,२६० होता. या जागांना 'कोटा' म्हणू नये असे मला वाटते, कारण आपल्याकडे त्या शब्दाला आरक्षणाचा आणि वशिल्याचा असा दुहेरी वास आहे. 'नियत जागा' किंवा 'राज्याचा वाटा' पुरेसे आहे.

प्रतिसाद

वरील विवेचन मान्य, परंतु 'शिफारस' इतक्या सहज बाजूला सारू नये. सामान्य वाचकाला 'नामनिर्देशन' जड वाटते आणि 'राज्याने शिफारस केली' हे वाक्य कोणालाही कळते. अंतिम निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे, हेही 'शिफारस' या शब्दात आपोआप येते. मग अडचण कोठे आहे?

प्रतिसाद

अडचण अशी की शिफारस ऐच्छिक असते. ती असली तर बरे, नसली तरी अर्ज चालतो. येथे नामनिर्देशन नसेल तर १९० चे दार उघडतच नाही आणि ४९१ साठी नातेवाइकाची वाट तेवढी उरते. नामनिर्देशनाची गरजच नसलेला १८९ हा वर्ग वेगळा आहे आणि तेथे थेट संघराज्य सरकार निमंत्रण देते. समजावून सांगताना एकदा 'म्हणजे राज्याची अधिकृत शिफारस' असे लिहावे आणि पुढे 'नामनिर्देशन' कायम ठेवावे, एवढी तडजोड मला मान्य आहे.

आता 'अर्ज' या शब्दाविषयी, कारण अनेकांची फसगत तेथेच होते. २०१२ च्या जुलैपासून चालू असलेल्या स्किलसिलेक्ट या संघराज्य सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत इच्छुक प्रथम जी नोंद ('एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट') करतो, ती व्हिसाचा अर्ज नसते. तिला शुल्क नाही, ती दोन वर्षे राहते आणि तिच्या आधारावर देशात थांबण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. आपल्या शासकीय निविदांतील 'स्वारस्य अभिव्यक्ती' हा शब्द अर्थाने बरोबर असला, तरी तो वाचून कोणाचेही स्वारस्य टिकेल असे वाटत नाही. 'इच्छानोंद' हा सुटसुटीत शब्द सुचवतो. 'अर्ज केला आहे, उत्तर येत नाही' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी केवळ इच्छानोंद केलेली असते, आणि इच्छानोंदीला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते.

'निमंत्रण' तर दोनदा येते. न्यू साउथ वेल्समध्ये राज्य आधी नामनिर्देशनासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण देते आणि त्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. तो अर्ज मंजूर झाला की स्किलसिलेक्टमधून व्हिसासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण येते, त्याची मुदत ६० दिवस असते. नुसते 'निमंत्रण आले' असे लिहिल्यास वाचकाला पायरी कळत नाही. 'राज्याचे निमंत्रण' आणि 'व्हिसाचे निमंत्रण' असा भेद करावा, आणि 'मंजुरी' हा शब्द एकतर नामनिर्देशनाला जोडून लिहावा किंवा व्हिसाला, मोकळा सोडू नये.

प्रतिसाद

या चढाओढीला 'गुणवत्ता यादी' किंवा 'कटऑफ' म्हणता येईल का? आमच्या मंडळात अमुक फेरीत कटऑफ किती लागला, याचीच चर्चा असते.

प्रतिसाद

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्यांची सवय असल्याने आपल्याला तो शब्द सुचतो, पण येथे तो अर्धाच लागू पडतो. प्रवेशात एका यादीतील वरचा आधी आणि खालचा नंतर, असा सरळ क्रम असतो. राज्ये मात्र व्यवसाय, तेथील मनुष्यबळाची टंचाई, अर्जदार त्या राज्यात राहतो की नाही असे स्वतःचे निकष लावतात. कॅनबेरा असलेल्या राजधानी प्रदेशाची तर 'कॅनबेरा मॅट्रिक्स' नावाची स्वतंत्र गुणपद्धतीच आहे. त्यामुळे जास्त गुणांचा संगणक अभियंता थांबलेला असताना कमी गुणांच्या परिचारिकेला निमंत्रण येऊ शकते, आणि त्यात अन्याय झालेला नसतो. 'कटऑफ' लिहायचाच असेल तर व्यवसाय, राज्य व फेरी सांगून लिहावा. या स्थितीला 'चुरस' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण 'शर्यत' म्हटले की सर्वांची धाव एकाच रेषेकडे आहे असे सूचित होते.

मूळ प्रश्नातील 'ग्रामीण व्हिसा' हा शब्द मात्र सरळ चुकीचा आहे. नोव्हेंबर २०१९ पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळजवळ सगळा देश 'प्रादेशिक' गणला जातो. पर्थ, ॲडलेड, होबार्ट, कॅनबेरा आणि गोल्ड कोस्ट ही सर्व शहरे त्यात येतात. ॲडलेडला ग्रामीण म्हणणारा मनुष्य तेथे उतरल्यावर चकित होईल. 'प्रादेशिक व्हिसा' लिहावे.

त्याच वर्गाच्या इंग्रजी नावातील 'प्रोव्हिजनल' या दुसऱ्या विशेषणाचे भाषांतर 'तात्पुरता' असे करतात, तेही अपुरे आहे. ४९१ ची मुदत पाच वर्षे असते, आणि किमान तीन वर्षे तो धारण करून, प्रादेशिक भागात राहण्याची अट पाळून, तीन वर्षांच्या प्राप्तिकर आकारणीच्या नोटिसा दाखवल्या की १९१ या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करता येतो. 'तात्पुरता' म्हटले की मुदत संपल्यावर परत यायचे असे वाटते. 'हंगामी' म्हणावे तर हंगामी मुख्याध्यापक डोळ्यांसमोर येतात. 'सशर्त' हा शब्द साधा आहे आणि अटीवर बोट ठेवतो.

माहितीपत्रकात गुणांच्या कोष्टकाखाली आणखी एक ओळ घालावी. दुभाषिकौशल्याच्या सीसीएल परीक्षेचे ५ गुण मिळतात आणि त्या परीक्षेच्या भाषांत मराठीही आहे. दोन संवादांचे तोंडी भाषांतर करायचे असते. एकूण ९० पैकी किमान ६३ आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण लागतात. तेथे मात्र 'भाडेकरार', 'विमा', 'जामीन' असे साधे मराठी शब्द क्षणात सुचावे लागतात.